पाळणाघराची फी आईच्याच पगारातून का वजा होते?

बाळ सहा महिन्यांचे होत आले, वरचे अन्न सुरू करायची वेळ झाली आणि आईची बाळंतपणाची रजा संपत आली, की आपल्या मध्यमवर्गीय घरांत एक हिशेब मांडला जातो. समजा, आईच्या हातात दरमहा ३२,००० रुपये येतात. त्यातून पाळणाघराचे ९,००० गेले, मोठ्या मुलाच्या व्हॅनचे २,५०० गेले, पोळीभाजी करणाऱ्या मावशींचे ४,५०० गेले, म्हणजे उरले १६,०००. मग कोणीतरी, बहुधा अगदी मायेने, म्हणते, "एवढ्या सोळा हजारांसाठी कशाला जिवाचा आटापिटा करतेस? दोन-चार वर्षे घरी राहा, मुले मोठी झाली की बघू."

मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहते आणि एका लहान कंपनीत अकाउंट्सचे काम करते. मला पाच वर्षांची मुलगी आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा आहे. दोन्ही बाळंतपणांनंतर हा हिशेब आमच्याही घरात मांडला गेला, आणि आता धाकट्या बहिणीच्या घरात तो मांडला जात आहे, म्हणून हे सविस्तर लिहावेसे वाटले. माझा आक्षेप आकड्यांना नाही, कारण आकडे बरोबरच असतात. माझा आक्षेप आहे तो हे सगळे खर्च एकट्या आईच्या पगाराखाली लिहिण्याला. मूल दोघांचे, व्हॅन मुलांसाठी, पोळ्या घरातले सगळेच खाणार, तरीही वजाबाकी होते ती मात्र तिच्याच रकान्यात. नवऱ्याच्या पगारातून पाळणाघराची फी वजा करून "मग तुझ्या नोकरीत उरते तरी काय?" असे एखाद्या बापाला विचारलेले मी आजवर ऐकलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की रकाना कोणताही असो, बेरीज तीच येणार. ती नोकरीला गेली तर घरात सोळा हजार जास्त येतात, न गेली तर येत नाहीत, एवढाच व्यवहार आहे. एका महिन्यापुरते पाहिले तर हे खरे आहे, आणि म्हणूनच तो हिशेब इतका पटतो. पण नोकरी एका महिन्याची नसते. पाळणाघर साधारण तीन-चार वर्षे लागते, त्यानंतर मूल शाळेत जाते आणि खर्चाचे स्वरूप बदलते. आईची नोकरी मात्र पुढे पंचवीस-तीस वर्षे चालू शकते. गृहकर्जाच्या पहिल्या वर्षांतल्या हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो, तरी त्या हप्त्यांकडे बघून घर विकायला कोणी निघत नाही, कारण पुढचा काळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. आईच्या नोकरीचा विचार करताना तो पुढचा काळ का दिसेनासा होतो, हा माझा खरा प्रश्न आहे.

माझे रोजचे कामच आकड्यांचे असल्यामुळे त्या सोळा हजारांत काय धरलेले नसते, तेही सांगते. हातात पडणाऱ्या रकमेत भविष्यनिर्वाह निधी दिसत नाही. मूळ वेतन १५,००० धरले तर बारा टक्क्यांनी १,८०० रुपये तिचे आणि तेवढेच कंपनीचे, म्हणजे दरमहा ३,६०० रुपये तिच्या नावावर जमा होत असतात, आणि त्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो. पाच वर्षे घरी राहिली तर हे २,१६,००० रुपये जमा होत नाहीत, व्याज आणखी वेगळे. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मासिक पेन्शन मिळण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते, ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेसाठी, साधारणपणे सलग पाच वर्षे लागतात, आणि आपल्याकडे बऱ्याच मुली नेमक्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पहिल्या बाळंतपणाच्या सुमारास, नोकरी सोडतात. पगारवाढीचेही तेच. दरवर्षी सात टक्के वाढ धरली तरी आजचे ३२,००० पाच वर्षांनी ४५,००० च्या आसपास जातात, पण पाच वर्षांच्या खंडानंतर परतणाऱ्या बाईला बोलणी जुन्या आकड्यापासून सुरू करावी लागतात, आणि तीही कोणी मुलाखतीला बोलावले तर. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की, आज स्त्री-पुरुषांच्या मिळकतीत जी तफावत आहे ती मोठ्या प्रमाणावर एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि ती मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते. आपली घरे अमेरिकेतल्या घरांसारखी नाहीत हे मान्य, पण ही गोष्ट ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही.

या बाबतीत आपला कायदा आपल्या घरांच्या थोडा पुढे गेला आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असते. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती होती, पण ती तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच. म्हणजे मोजायच्या त्या बायका. एखाद्या मालकाने बायकांची संख्या तिसावर थांबवली की पाळणाघराचा प्रश्नच मिटला. २०१७ मध्ये १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे पहिल्या दोन मुलांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे आपल्याला माहीत असते. पण त्याच दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे असेही सांगितले आणि ते पन्नास मोजताना स्त्री-पुरुष असा भेद ठेवला नाही. पन्नासच्या पन्नास पुरुष असले तरी संख्या भरते. या बदलाचे मोल मला फार वाटते, कारण मूल सांभाळण्याची सोय ही बाईला दिलेली सवलत राहिली नाही, ती नोकरी देण्याच्या खर्चाचा भाग झाली. अर्थात त्याच दुरुस्तीने दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा फक्त आईला दिली, बापाचा उल्लेखही केला नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा आहे, खासगी नोकरीत कायद्याने तेवढीही नाही. शिवाय आईची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगारांचा अपवाद वगळता, मालकालाच सोसावी लागते, आणि त्यामुळे मुलाखतीत नव्याने लग्न झालेल्या मुलींना आडून आडून काय विचारले जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

आता आजीविषयी. "आजी आहे ना घरात, मग पाळणाघर कशाला?" हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की त्यावर थोडे विस्ताराने लिहायलाच हवे. माझ्या सासूबाई धाकट्याच्या वेळी कराडजवळच्या गावाहून आमच्याकडे येऊन राहिल्या. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसून रांगत्या मुलामागे फिरणे त्यांना जड जाते, तरी त्यांनी ते केले. त्यांचे गावातले भजनी मंडळ सुटले, दुपारची शेजारणींबरोबरची बैठक सुटली, आणि तिकडे मामंजी सकाळी स्वतःच्या हाताने चहा-पोहे करून दुपारी शेजारच्या घरून आलेल्या डब्यावर राहिले. हे सगळे आमच्या हिशेबात शून्य रुपये म्हणून धरले गेले होते. ज्या बाईने स्वतःची मुले, दिरांची मुले आणि घरची गुरे सांभाळण्यात उमेदीची तीस वर्षे घातली, तिच्याकडून साठी उलटल्यावर दहा तासांची पाळी विनामूल्य करून घ्यायची आणि तिला "विरंगुळा" म्हणायचे, हे मला पटत नाही. नातवंडांचा लळा खरा असतो. सासूबाई अजूनही रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर धाकट्याला "जेवलास का रे राजा?" असे विचारल्याशिवाय राहत नाहीत. पण लळा आणि जबाबदारी या निराळ्या गोष्टी आहेत. आजीने कौतुक करावे, गोष्टी सांगाव्यात, तूप-मेतकूट-भात भरवावा. दुपारच्या वेळापत्रकाला तिला बांधून ठेवू नये. आम्ही मुलाला पाळणाघरात घातले तेव्हा नातेवाइकांनी नाके मुरडली, पण सासूबाईंनी स्वतः सांगितले की हे आधीच करायला हवे होते.

पाळणाघरात जाणारी पिशवी मी रोज रात्री भरून ठेवते. कपड्यांचे तीन जोड, दुपटे, पाण्याची बाटली आणि बारशाला आलेला, झाकणावर मावशीचे नाव कोरलेला स्टीलचा लहान डबा. पाळणाघर चालवणाऱ्या काकू तो डबा परत देताना कधी "आज वरणभात संपवला", कधी "आज नुसते दहीच खाल्ले" असे सांगतात, आणि त्या दोन शब्दांवर माझी संध्याकाळ कशी जाणार ते ठरते. तिथे मुलाची आबाळ होत असेल अशी शंका घेणाऱ्यांना एवढेच सांगते की, आपल्या वयाच्या पाच-सहा मुलांत बसून जेवायला तो तिथेच शिकला.

याच पाळणाघराच्या फॉर्मवर आम्ही मुद्दाम पहिला फोन नंबर त्याच्या बाबांचा दिला. तरीही धाकट्याला ताप भरला की फोन यायचा तो मला. काकूंचा त्यात दोष नाही, त्यांनी वर्षानुवर्षे आयांनाच फोन केलेले आहेत. शेवटी माझ्या नवऱ्याने स्वतः जाऊन सांगितले, "दुपारी चारच्या आत काही लागले तर आधी मला कळवा, कारण माझे कार्यालय जवळ आहे." तेव्हापासून तो अनेकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून मुलाला घेऊन आला आहे, डॉक्टरांकडे गेला आहे. त्याच्या साहेबांनी पहिल्या वेळी "मिसेस कुठे आहेत?" असे विचारले होते. आता विचारत नाहीत. घरातल्या हिशेबाची दुरुस्ती मला इथूनच सुरू झाल्यासारखी वाटते, कारण पैसे दोघांच्या खात्यातून जाऊ लागले तरी वेळ एकटीच्याच खात्यातून जात राहिला, तर फार काही बदलत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणून वाचली असे काही म्हणता येत नाही.

ज्या आया विचार करून घरी राहतात, त्यांच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. माझ्या जाऊबाईंनी जुळ्या मुलांसाठी बँकेतली नोकरी सोडली आणि त्या निर्णयात त्या सुखी आहेत. पण त्यांच्या घरात एक गोष्ट झाली जी सगळीकडे व्हावी असे मला वाटते. भाऊजींनी त्यांच्या नावाने पीपीएफचे खाते उघडले आणि त्यात न चुकता दरमहा रक्कम भरतात, "तुझा पीएफ थांबला, तो मी चालू ठेवतो," एवढेच बोलून. वर्षाला ५०० पासून दीड लाखापर्यंत त्यात भरता येतात आणि खाते पंधरा वर्षांचे असते. आईने घरी राहावे असे ज्या घराला वाटते, त्या घराने तिच्या म्हातारपणाची तजवीज स्वतः होऊन करावी, तिला मागायला लावू नये.

हे सगळे लिहिताना आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंची आठवण होते. त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीकडे असतो आणि त्यासाठी त्या मुलीची शाळा अधूनमधून बुडते. माझा मुलगा पाळणाघरात सुरक्षित राहावा आणि घरी पोळ्या तयार असाव्यात, या व्यवस्थेची किंमत ती मुलगी मोजते आहे. अंगणवाडी आहे, पण ती काही तासच चालते आणि ताई चार घरची कामे करतात. केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून दिवसभराचे पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे, सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी. अशी पाळणाघरे आमच्या वस्तीत झाली पाहिजेत, आणि नगरसेवक दारात मते मागायला आले की रस्ता-पाणी-कचरा यांच्या जोडीने हाही विषय निघाला पाहिजे. मी तो काढणार आहे.

आणि एक विनंती लहान मुलांच्या वडिलांना. तुमच्या कार्यालयात पन्नास माणसे असतील तर पाळणाघराची सोय कुठे आहे, हे तुम्ही विचारा. आईने विचारले की "मॅडमची अडचण" म्हणून तो विषय बाजूला पडतो, हे मी पाहिले आहे. कायद्याने ते पन्नास मोजताना तुम्हालाही धरले आहे, तेव्हा एक साधा ईमेल तुमच्या नावाने मनुष्यबळ विभागाला जाऊ द्या, आणि काय उत्तर आले ते इथे जरूर लिहा.