वादळ वळलं म्हणून लाटा वळत नाहीत

अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं की दोन-तीन दिवसांत एक मेसेज फिरायला लागतो. वादळाचं नाव बदलतं, मजकूर जवळपास तोच असतो. थोडक्यात असा: "वादळ ओमानकडे (किंवा गुजरातकडे) वळलं, कोकणचा धोका टळला. ते ६०० किलोमीटर लांब आहे. इथे छान ऊन आहे, वारा नाही. बंदरावर फक्त दोन नंबरचा बावटा आहे. गुडघाभर पाण्यात काही होत नाही, पोहता येत असेल तर प्रश्नच नाही. फार तर ओहोटी बघून उतरा. चॅनेलवाले घाबरवतात, बुकिंग रद्द करू नका."

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. कुणाचं लॉज असतं, कुणाची घोडागाडी, कुणाला फक्त घाबरलेल्या नातेवाइकांना धीर द्यायचा असतो. पण या मेसेजवर विसंबून माणसं पाण्यात उतरतात. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासू.

"वादळ वळलं, धोका टळला."

घरांच्या पत्र्यांचा, आंबा-सुपारीच्या बागांचा, विजेच्या खांबांचा धोका टळला, हे खरं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा काय झालं ते श्रीवर्धन-दापोलीकडच्या बागायतदारांना सांगायला नको. तसं या वेळी होणार नाही, एवढाच त्या बातमीचा अर्थ. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ती बातमी लागू नाही.

वादळाचा वारा समुद्रावर लाट उठवतो. ती लाट वाऱ्याखालून निसटली की तिला वाऱ्याची गरज उरत नाही. निघाली त्या दिशेने ती जात राहते. मागे वादळ वळलं, वाढलं की विरलं, तिला फरक पडत नाही. आता वेगाचा हिशेब बघा. दोन लाटांमध्ये १२ सेकंदांचं अंतर असेल तर अशा लाटांचा जथा खोल समुद्रात ताशी साधारण ३४ किलोमीटरने पुढे सरकतो. म्हणजे ६०० किलोमीटर कापायला त्याला अठरा तास लागतात. वादळ स्वतः बऱ्याचदा ताशी दहा-पंधरा किलोमीटरनेच चालतं, कधी एका जागी रेंगाळतं. त्यामुळे लाटा वादळाच्या पुष्कळ पुढे निघतात. आज दुपारी पुळणीवर फुटणारी लाट काल रात्रीची असते, आणि वादळ वळल्याची बातमी आज सकाळची.

'बिपरजॉय'चं उदाहरण घ्या. जून २०२३ मधलं हे वादळ कोकणाला लागलं नाही. १५ जूनच्या संध्याकाळी ते कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आलं. पण त्याआधी चार दिवस, ११ जूनच्या रविवारी, गणपतीपुळ्याला लाटा पर्यटकांना लोळवत थेट दुकानांच्या रांगेत शिरल्या. तेव्हा वादळ तिथून ६०० किलोमीटरच्या आसपास होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईत जुहूला पाण्यात गेलेल्या पाच मुलांपैकी चौघे बुडाले. वादळ तेव्हाही ५०० किलोमीटरहून लांब होतं. मेसेजमधलं "६०० किलोमीटर लांब" हे वाक्य या दोन दिवसांसमोर ठेवून वाचा.

ऑक्टोबर २०१९ मधलं 'क्यार' तर रत्नागिरीसमोरून ओमानच्या दिशेने गेलं आणि शेवटी सोमालियाकडच्या समुद्रात विरलं. त्याने कुठलाच किनारा गाठला नाही. तरी ऐन दिवाळीत कराचीच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांत समुद्राचं पाणी शिरलं. दिवाळीची अमावास्या होती, भरतीला उधाण होतं आणि त्यावर वादळाच्या लाटा आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' शेकडो किलोमीटर लांबून जात होतं तेव्हा गोव्यात मोरजी-हरमलच्या पट्ट्यातल्या शॅक्समध्ये असंच पाणी घुसलं होतं. ३ डिसेंबरला पौर्णिमा होती, म्हणजे तेव्हाही भरतीला उधाण होतं. वादळ आणि उधाण एकाच आठवड्यात येतात तेव्हा समुद्र नेहमीची रेषा ओलांडतो. पंचांग घरोघरी असतं, निघण्याआधी तिथी बघायला एक मिनिट पुरतं.

"ऊन आहे, वारा नाही."

मला सगळ्यात जास्त धास्ती याच वाक्याची वाटते, कारण माणसाचे डोळे त्याला दुजोरा देतात. आकाश निळं, माडाची झावळी हलत नाही, समोर पाणी चमकतंय. अशा वेळी इशारा खोटा वाटणं साहजिक आहे. पण आकाश तुमच्या डोक्यावरची हवा दाखवतं आणि लाट शेकडो, कधी हजारो किलोमीटरवरच्या हवेची असते.

केरळचे मच्छीमार या प्रकाराला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. चोरपावलांनी येणारा समुद्र. या लाटा थेट दक्षिण गोलार्धातल्या वादळांमधून निघतात आणि काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचतात. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या 'इन्कॉइस' या केंद्र सरकारच्या संस्थेने त्यांचा इशारा दिला होता. ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातल्या लेमूर बीचवर डॉक्टरीचं शिक्षण घेणारे पाच तरुण-तरुणी बुडाले. जवळपास कुठे वादळ नव्हतं.

लांबून आलेली लाट जवळच्या वाऱ्याच्या लाटेपेक्षा वेगळी ओळखू येते. वाऱ्याची लाट आखूड, तुटक, फेसाळ असते. लांबची लाट गुळगुळीत, रुंद, एकामागून एक आरामात येते आणि म्हणूनच निरुपद्रवी भासते. पण उंची तेवढीच आणि दोन लाटांमधला वेळ दुप्पट असेल तर ती किनाऱ्यावर दुप्पट ऊर्जा आणून ओतते. उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि ती एकदम कोसळते.

"फक्त दोन नंबरचा बावटा आहे."

बंदरावरचा बावटा बोटींसाठी असतो, आंघोळीला आलेल्यांसाठी नाही. दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे आणि बंदर सोडून बाहेर जाणाऱ्या बोटीला धोका आहे. तो आकडा तुमच्या मुलांनी पाण्यात कुठवर जायचं ते सांगत नाही.

"गुडघाभर पाण्यात काही होत नाही."

गुडघाभर पाणी हे दोन लाटांमधलं माप आहे. लाट आली की तेच पाणी छातीला लागतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं आणि ते वेगाने येतं. चांगला धडधाकट माणूस आडवा होतो, मग परतणारं पाणी त्याला उतारावरून आत ओढतं. तुम्ही पाण्यात पाय रोवून उभे असाल तर नीट लक्ष द्या: पाणी मागे सरताना टाचांखालची वाळू आधी जाते, पाय खोल रुततात आणि तोल मागे जातो. नेमकी तेव्हा पुढची लाट येते. लहान मूल कडेवर असेल तर हात मोकळे नसतात.

त्यात या लाटा सारख्या आकाराच्या येत नाहीत, जथ्याने येतात. पाच-दहा मिनिटं किरकोळ लाटा, मग तीन-चार थोराड. जो माणूस दोन मिनिटं बघून "शांत आहे" म्हणतो त्याने मोठा जथा पाहिलेलाच नसतो. खडपावर फोटो काढणारे असेच जातात. खडक कुठवर ओला आहे ते बघा. ओल तुम्ही उभे आहात त्याच्याही वर असेल तर थोड्या वेळापूर्वी लाट तिथवर येऊन गेली आहे आणि परत येणार आहे. शेवाळावर पळताही येत नाही.

"पोहता येत असेल तर प्रश्नच नाही."

विहिरीत, नदीत, टाकीत पोहणारे इथेच फसतात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन बांधांमधल्या खोलगट जागेतून ते पट्ट्याने समुद्राकडे धावतं. लाटा मोठ्या तेवढा हा ओढा जोरदार. त्याचा वेग सेकंदाला एक-दोन मीटर असू शकतो. ऑलिंपिकमधला पोहणारा शंभर मीटर पन्नास सेकंदांच्या आत कापतो, म्हणजे सेकंदाला दोन मीटरहून जरा जास्त. तुम्ही-आम्ही त्याच्या निम्म्यानेही जात नाही.

आणि ही जागा दिसायला सगळ्यात सुरक्षित असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, मधला पट्टा मात्र गडद आणि सपाट, फेस जवळजवळ नाही. घरची मंडळी मुलांना हाका मारून तिथेच उतरवतात, "इथे लाटा नाहीत" म्हणून. लाटा नाहीत कारण तिथे पाणी खोल आहे आणि बाहेर चाललं आहे.

"ओहोटी बघून उतरा."

ओहोटीला पाणी मागे गेलेलं असतं, जोर गेलेला नसतो. उलट वाळूचे बांध उघडे पडले की बाहेर जाणारं पाणी मधल्या वाटांमध्येच कोंडतं आणि ओढ वाढते. वादळाच्या लाटा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघत नाहीत.

"चॅनेलवाले घाबरवतात, बुकिंग रद्द करू नका."

यातला अर्धा भाग मला मान्य आहे. लाल रंगाचे भोवरे आणि कर्कश संगीत लावून दिवसभर तेच दाखवलं की लोक खऱ्या इशाऱ्यालाही कंटाळतात. आणि वादळ खरोखर लांब असेल, जिल्ह्याला पावसा-वाऱ्याचा इशारा नसेल, तर कोकणात यायला काहीच हरकत नाही. लॉजवाल्याचा, खानावळीचा हंगाम बुडू नये असं मलाही वाटतं. देवळं आहेत, किल्ले आहेत, राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं आहेत. उधाणलेला समुद्र उंचावरून बघण्यासारखाच असतो. फक्त पाण्यात उतरायचं नाही आणि खडपावर जायचं नाही. लॉजवाल्यांनी मेसेजमध्ये हे एक वाक्य घातलं तर बुकिंगही राहील आणि माणसंही.

निघण्याआधी हवामान खात्याबरोबर इन्कॉइसचा इशाराही बघा. तिथे जिल्ह्यानुसार उंच लाटांचा अंदाज असतो. वादळ कुठे जमिनीवर येणार ते त्यात शोधू नका, तुमच्या जिल्ह्यासमोर लाटांची उंची किती तेवढं वाचा. गावातल्या मच्छीमाराला विचारा. तो नको म्हणाला तर वाद घालू नका. गोव्यात लाल झेंडा दिसला की पाणी बंद. कोकणात अनेक पुळणींवर झेंडाही नसतो आणि जीवरक्षकही, तिथे निर्णय तुमचाच.

तरी कुणी ओढीत सापडलंच तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. दम जातो आणि माणूस दमून बुडतो, ओढ त्याला तळाशी खेचत नाही. पाठीवर तरंगत राहावं, एक हात वर करून ओरडावं. जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकावं आणि ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावर फुटणाऱ्या लाटांबरोबर परत यावं. काठावरच्यांनी मागोमाग उडी मारू नये. वाचवायला गेलेला दुसराच बुडतो असं वारंवार घडलं आहे. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, दोरी, थर्माकोलचा खोका, गाडीची ट्यूब, जे हाताशी असेल ते फेकावं, बुडणाऱ्यावरून नजर हलवू नये आणि दुसऱ्याला ११२ लावायला सांगावं. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे.