दहा रुपयांच्या बोल्टवर एवढं कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘सीटचा बोल्ट वारंवार तुटतोय?’ या सायकलच्या सीटवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. चार ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दहा रुपयांच्या बोल्टचा मी उगाच बाऊ केला. लोखंड थकत नाही, हल्लीचा मालच हलका येतो. १२.९ चा हाय टेन्साइल बोल्ट घालायचा, एलन कीला (षटकोनी चावीला) पाइप लावून आवळायचा, विषय संपला. तुमच्या वडिलांच्या काळ्या सायकलचा बोल्ट जन्मात तुटला नाही. आणि टॉर्क रेंच, म्हणजे आवळ मोजणारा पाना, ही पैसेवाल्यांची चैन आहे, दूधवाल्याला नि कॉलेजच्या पोराला ती सांगून काय उपयोग?

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याकडे येतो, पण आधी बोल्टच्या ताकदीचा हिशेब करू, कारण आपला मतभेद तिथूनच सुरू होतो.

बोल्टच्या डोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ तुम्हाला सांगायला नको, इतर वाचकांसाठी लिहितो. ८.८ मधल्या पहिल्या आकड्याला १०० ने गुणलं की पोलाद तुटण्याची मर्यादा मिळते: दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जाईल. म्हणजे ८.८ साठी ६४० आणि १२.९ साठी १०८०. एम-५, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीच्या, बोल्टचं आट्यांपाशी भार घेणारं क्षेत्रफळ भरतं सुमारे १४.२ चौरस मिलिमीटर. गुणाकार करून बघा, दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. साधा ८.८ चा एम-५ बोल्ट सरळ ओढून तोडायला अकराशे किलोंहून जास्त भार लागतो. एम-६ ला सोळाशेच्या वर. सायकलवर बसणारा माणूस ऐंशी किलोंचा, त्यातलाही थोडा भार हँडलवर नि पॅडलवर. खड्ड्यात आदळल्यावर तो दुप्पट-तिप्पट धरा, वर तरफेचा हिशेब मिळवा, तरी अकराशे खूप लांब राहतात. डोक्यावरचा आकडा खरा असेल तर तो बोल्ट ताकद कमी पडून तुटत नाही. तो हजारो लहान हिसक्यांनी तुटतो.

लोखंड थकतं, काका. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि डब्यांना आग लागून पुष्कळ माणसं गेली. चांगल्या लोखंडाचे आस नेहमीच्याच भाराखाली का मोडतात, हा प्रश्न त्या काळी साऱ्या युरोपातल्या इंजिनिअरांना पडला होता. पुढे १८५० ते १८७० च्या दरम्यान जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं, की एका भारात सहज टिकणारा धातू त्याहून कितीतरी कमी भार पुन्हा पुन्हा दिला तर तुटतो. तार पुढे-मागे वाकवून आपण हातानं तोडतो ना, तेच इथे फार बारीक प्रमाणात, डोळ्यांना न दिसता घडत असतं.

मूळ लेखातला तुटक्या बोल्टचा फोटो पुन्हा एकदा मोठा करून बघा, ही विनंती. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि तपकिरी आहे. त्यात कडेच्या एका बिंदूपासून निघून आत सरकत गेलेल्या अर्धगोल रेघा दिसतात. उरलेला तुकडा खरखरीत आणि चकचकीत, ताजा. चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटला. तपकिरी भाग त्याच्या कितीतरी आधी उघडला होता. पाणी आत शिरलं, गंज धरला आणि सायकल रोज चालत राहिली. प्रत्येक रेघेपाशी भेग थोडी थांबली आणि पुढे सरकली. भेग सुरू झाली ती नटात शिरणाऱ्या पहिल्या आट्याच्या खाचेतून. नटातल्या सगळ्या आट्यांवर भार सारखा वाटला जात नाही, पहिला आटाच जवळजवळ एक तृतीयांश घेतो. आणि ती सुरू झाली फक्त एका बाजूनं. म्हणजे हा बोल्ट नुसता ताणला जात नव्हता, दर हिसक्याला वाकतही होता. नुसता हलका माल असता तर आवळतानाच मान लांबून, बारीक होऊन तुटला असता. ते तोंड अगदी वेगळं दिसतं.

आता १२.९. तुमचा हा सल्ला मी मनापासून तपासला, कारण दुकानातही हाच मिळतो. अडचण अशी, की हिसके सोसण्याची आट्यांची मर्यादा बोल्टच्या वर्गाबरोबर जवळपास वाढतच नाही. ८.८ असो की १२.९, खाच तीच आणि भेग सुरू होते ती खाचेतच. १२.९ चा एकच खरा फायदा, तो जास्त घट्ट आवळता येतो. पण सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या, माथ्यावरचा सीट धरणारा क्लॅम्प ॲल्युमिनियमचा, बऱ्याचदा नटही तसलाच. तिथे जास्त आवळलं की बोल्ट शाबूत राहतो आणि आटे जातात किंवा क्लॅम्पला तडा जातो. दहा रुपयांचं नुकसान सीटपोस्टवर गेलं, आणि सीटपोस्ट फ्रेमच्या नळीत धरून ठेवणाऱ्या कॉलरपाशी असेल तर फ्रेमवर. शिवाय १२.९ चा बोल्ट चकचकीत झिंक प्लेटिंगचा घेऊ नका. प्लेटिंग करताना इतक्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि मग आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी तो काहीही सूचना न देता तुटू शकतो. काळा घ्यावा तर पावसाळ्यात गंजतो. कोकणातले आणि मुंबईतले बरेच वाचक त्यावर उपाय म्हणून स्टेनलेस घालतात. त्यांनी लक्षात घ्यावं, की नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ८.८ पेक्षा कमजोर असतो, ४५० वरच ताणला जातो, आणि स्टेनलेस नटात कोरडा फिरवला तर आटे एकमेकांत रुतून जाम होतात.

तरीही घट्ट असलाच पाहिजे हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि मूळ लेखातही ते आहे. बोल्ट नीट आवळलेला असला की क्लॅम्पचे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात आणि वरून येणारा बहुतेक हिसका तेच झेलतात. बोल्टच्या वाट्याला थोडाच येतो. तो सैल झाला की सगळाच्या सगळा हिसका बोल्टवर. म्हणजे आयुष्य वाढवतो तो आवळ, डोक्यावरचा आकडा नाही. फक्त पाइप नको. एम-५ ला ५ न्यूटन-मीटरचा पीळ दिला की साधारण पाचशे किलोंचा दाब बसतो. ३० सेंटिमीटरच्या पाइपाच्या टोकाला नुसता पाच किलोंचा जोर लावला तरी पीळ १५ न्यूटन-मीटर होतो, आणि तेवढ्यात ८.८ तर सोडाच, १२.९ चा एम-५ सुद्धा कायमचा ताणला जाण्याच्या हद्दीवर येतो.

मग बोल्ट पुन्हा पुन्हा का तुटतो? आजूबाजूला बघायला हवं. दोन बोल्टांच्या सीटपोस्टवर सीट मागे सरकवलेली असेल, तर आपण बसलो की सीटचं नाक वर उठायला बघतं आणि पुढचा बोल्ट ओढला जातो. समजा सीटवर ५० किलो भार आहे आणि तो क्लॅम्पच्या मधापासून ३ सेंटिमीटर मागे पडतो: पीळ झाला सुमारे १५ न्यूटन-मीटर. सीट आणखी २ सेंटिमीटर मागे ढकलली की तोच २५ होतो. पाय लांब वाटतात म्हणून किंवा फ्रेम लहान म्हणून सीट पार मागे नेलेली असंख्य सायकलींवर दिसते. सीटखालच्या सळया किती मागे नेता येतात त्याच्या खुणा सळयांवरच असतात. त्यांच्या आत राहा, आणि तरी पुरत नसेल तर माथा मागे झुकलेला सीटपोस्ट घ्या.

दुसरं, बोल्ट वाकणं. क्लॅम्पमध्ये बोल्टच्या डोक्याखाली किंवा नटापाशी एक अर्धगोल वायसर किंवा आडवा गोल नट असतो. सीट वरखाली कलवली तरी बोल्ट सरळ राहावा म्हणून तो असतो. दुकानात बोल्ट बदलताना तो हरवतो, सपाट वायसर बसतो, आणि त्या दिवसापासून बोल्टचं डोकं एकाच कडेवर टेकतं. नवा बोल्ट महिन्याभरात तुटला म्हणून तक्रार येते तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच असतो: जुना अर्धगोल वायसर कुठे आहे?

तिसरं कारण खालच्या कॉलरचं, आणि तुम्ही लिहिलंत त्यावरून तुमच्या नातवाच्या सायकलला तेच लागू आहे असं मला वाटतं. सीट हळूहळू खाली सरकते म्हणून तुम्ही कॉलर आवळत गेलात, आणि दोनदा बोल्ट तुटला. काका, सरकणारी सीट हे बहुतेकदा सीटपोस्ट बारीक असल्याचं लक्षण असतं. सीटपोस्ट ०.२ मिलिमीटरच्या टप्प्यांनी बनतात: २६.८, २७.०, २७.२. फ्रेम २७.२ ची आणि आत २७.० चा पोस्ट असेल तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण कॉलरला आधी फ्रेमची नळी दाबून ती फट भरावी लागते. कॉलरचे दोन्ही कान वरून बघा. ते समांतर न राहता टोकांकडे जवळ आलेले दिसले, तर बोल्ट तिथे वाकतोच आहे. तिथे १२.९ घालून उपयोग नाही, वाकणं तेवढंच राहतं. पोस्ट बाहेर काढा, खालच्या टोकाला माप कोरलेलं असतं. फ्रेमच्या नळीचं आतलं माप व्हर्नियरनं घ्या. मशीन शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला मी ते काय शिकवणार. योग्य पोस्ट मिळेपर्यंत थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला तरी चालतो. तो सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे व्यास बरोबर ०.२ ने वाढतो. मात्र पोस्टवरची कमीत कमी आत घालायची खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे.

वडिलांच्या सायकलबद्दल. ती सायकल टिकली यात मला शंका नाही, आणि ती मजबूत होती हेही खरं. पण तिचा सांधा वेगळा होता. सरळ दांडीवर पोलादी क्लिप, आरपार जाणारा जाड आडवा बोल्ट, दोन्हीकडे नट, आणि क्लिपच्या चकत्यांवर एकमेकांत बसणारे दाते. सीट कलू न देण्याचं काम दाते करत होते, बोल्ट फक्त त्यांना दाबून धरत होता. वर सीटखाली जाड स्प्रिंगा, त्या खड्ड्याचा हिसका बोल्टपर्यंत पोचण्याआधीच खात होत्या. आज आपण स्प्रिंगा काढल्या, दाते काढले, पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम आणलं, आणि बोल्ट ८ वरून ५-६ मिलिमीटरवर आणला. वजन कमी झालं. त्याच्या बदल्यात नीट जुळवणी आणि नेमका आवळ लागतो. रोज दुधाचे कॅन वाहणाऱ्यानं किंवा खडबडीत रस्त्यावर जाणाऱ्यानं आजही ती जुनी क्लिप आणि स्प्रिंगांची सीट वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता टॉर्क रेंच. नसेल परवडत तर घेऊ नका, पण अंदाजपंचेही आवळू नका. प्रवासाचं सामान तोलायचा हुकाचा काटा काही शे रुपयांत मिळतो, पुष्कळ घरांत असतोही. एलन कीच्या लांब दांड्याला टोकाजवळ हुक अडकवा आणि बोल्टच्या मधापासून हुकापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. काटा दांड्याशी काटकोनात ओढा. किलो गुणिले सेंटिमीटर भागिले दहा, एवढा न्यूटन-मीटर पीळ झाला. ७ सेंटिमीटरवर ७ किलो म्हणजे जवळपास ५. क्लॅम्पवर किंवा कॉलरवर आकडा कोरलेला असतो, तोच पाळा. लेखाखाली एका विद्यार्थिनीनं आपण हेच करतो असं लिहिलंय, आणि तिच्याकडे महागडं असं एकही हत्यार नाही. आट्यांना किंचित ग्रीस लावा, पण लावलंत तर त्याच पिळात दाब जास्त बसतो हे लक्षात ठेवून दिलेल्या आकड्याच्या वर जाऊ नका.

माल हलका येतो या तुमच्या तक्रारीशी मी सहमत आहे. डोक्यावर काहीच कोरलेलं नसलेला बोल्ट सीटला लावू नये. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बनवणाऱ्याचं नाव आणि ८.८ असं दोन्ही कोरलेला बोल्ट सुटा मिळतो. जुना बोल्ट सोबत न्या, लांबी आणि आटे तेच हवेत.

मी बाऊ करतो असं तुम्ही म्हणालात. सीटचा बोल्ट तुटतो तो बसलेल्या माणसाच्या पूर्ण भाराखाली, बहुतेकदा खड्ड्यात, कधी घाट उतरताना. सीट एकदम उलटते किंवा निखळते आणि खाली उरतो उघडा पोस्ट. त्यावर माणूस कुठल्या अंगानं आदळतो हे वेगळं सांगायला नको. ब्रेकवर हात असताना असं झालं तर तोल सावरायला वेळ मिळत नाही. त्यापायी मी दहा रुपयांच्या बोल्टवर आणखीही लेख लिहीन.

तुम्ही विचारलंत, बदलल्यावर मग किती दिवसांनी बघायचं? पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर एकदा नक्की, कारण नवे भाग एकमेकांत बसतात आणि आवळ थोडा उतरतो. पुन्हा त्याच आकड्याला आवळा, आणि मग बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर जाईल अशी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. टायरमध्ये हवा भरताना तिच्याकडे नजर टाकायची. रेघेचे दोन तुकडे एका ओळीत नसतील तर बोल्ट फिरलाय, त्या दिवशी सायकल बाहेर काढू नका. आणि त्याच सांध्यात पुन्हा बोल्ट तुटलाच, तर तुकडे फेकू नका. दोन्ही तोंडांचा उजेडात फोटो काढून मला पाठवा, सोबत पोस्टवर कोरलेलं माप आणि फ्रेमच्या नळीचं तुम्ही घेतलेलं माप लिहा.