जीभ तुटेल म्हणून दातांत चमचा घालू नका

“जीभ कापली, तोंडाला लागलं? दवाखान्यात धावू नका, हे पाच उपाय करा” असा मेसेज या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: फिट आलेला माणूस जीभ गिळतो, म्हणून त्याच्या दातांत चमचा घाला. तोंडातून रक्त येत असेल तर डोकं मागे करून झोपवा. जखमेवर हळद किंवा चुना दाबा. जिभेला टाके कधीच लागत नाहीत. आणि पडलेला दात मेलेला असतो, तो टाकून द्या.

पाठवणारी माणसं ओळखीची आहेत आणि त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण पहिल्या उपायाची किंमत आमच्या घराने मोजली आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

माझ्या धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून फिट येते. एका लग्नात मांडवातच त्याला फिट आली. कुणीतरी पंगतीतला स्टीलचा चमचा आणला, दोघांनी जबडा धरला आणि चमचा आत सारला. मी पोचले तेव्हा त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि चमच्याच्या खोलगट भागात समोरच्या दाताचा अर्धा तुकडा पडला होता. जिभेच्या डाव्या कडेला चाव्याची खूण होती, पण ती फिटेच्या पहिल्याच झटक्यात झालेली, चमचा येण्याआधी. जबडा आवळला जातो त्या क्षणीच जीभ चावली जाते. नंतर घातलेला चमचा काहीच वाचवत नाही. उलट दात मोडतात, मोडलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि घालणाऱ्याचं बोटही चावलं जातं.

जीभ गिळता येतच नाही. आरशासमोर उभं राहून जिभेचं टोक टाळूला लावा. खाली जो पातळ पडदा ताणलेला दिसतो, तो जिभेला तोंडाच्या तळाशी बांधून ठेवतो. बेशुद्ध माणूस उताणा पडला असेल तर जीभ मागे सैल पडून श्वास अडू शकतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे त्याला कुशीवर वळवणं. लाळ, रक्त आपोआप बाहेर येतं. डोक्याखाली घडी केलेलं काहीतरी मऊ द्या, आजूबाजूच्या खुर्च्या हलवा, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर 108 ला फोन करा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. भावाच्या पाकिटात आता एक चिठ्ठी असते: “मला फिट येते. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका.”

डोकं मागे करण्याचा सल्लाही उलटाच आहे. रक्त घशात उतरतं, पोटात गेलं की मळमळतं आणि उलटी होते. माणसाला बसवा, पुढे वाकवा, समोर वाडगा धरा, रक्त थुंकू द्या. मग स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून दाबून धरा. जीभ असेल तर कापडाच्या चिमटीत पकडा. घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये एकदाही उचलून न बघता. ‘थांबलं का?’ म्हणून दर अर्ध्या मिनिटाला कापड काढलं की धरू लागलेली गुठळी निघून येते, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. जिभेला रक्ताचा पुरवठा भरपूर, त्यात लाळ मिसळते, त्यामुळे आहे त्यापेक्षा रक्त जास्त दिसतं. त्याच पुरवठ्यामुळे तोंडातली जखम लवकर भरतेही.

हळद ओल्या जखमेवर टिकत नाही. तिचे कण आत अडकतात, जखमेच्या कडा पिवळ्या होऊन दिसेनाशा होतात आणि डॉक्टरला आधी ते सगळं धुवावं लागतं. चुन्याचं तर नावच काढू नका. विड्यात चुना जरा जास्त झाला तरी तोंड पोळतं, मग उघड्या मांसावर त्याने काय होईल? रक्त थांबल्यावर बर्फाचा तुकडा चोखायला द्या. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. काही दिवस तिखट, आंबट आणि गरम टाळलं तर पुरे.

टाक्यांबद्दलचं विधान अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. लहान जखमांना टाके लागत नाहीत. पण जीभ स्वस्थ ठेवूनही चीर उघडी राहत असेल, कड दुभंगली असेल, तुकडा लोंबत असेल, पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वाट बघायचीच नाही. ओठाची लाल कड चिरली असेल तर ती नीट जुळवून शिवावी लागते, नाहीतर ओठ कायमचा वाकडा दिसतो. आणि तोंडात पेन्सिल किंवा ब्रश धरून मूल पडलं, टाळूच्या मागच्या बाजूला टोचलं, तर भोक केवढंसं का दिसेना, दाखवाच. तिथून जवळच मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. मुलांना ब्रश करताना घरभर फिरू देऊ नका, ही सवय लावायला काही खर्च येत नाही. तसंच, दाताची धारदार कड लागून झालेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर तपासून घ्या, तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

राहिला पडलेला दात. पक्का दात मुळासकट निघाला तरी तो पुन्हा बसू शकतो, पण वेळ फार थोडा असतो. अर्ध्या तासात बसवला तर उत्तम, तासाभरानंतर आशा झपाट्याने कमी होते. दात पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, घासू-पुसू नका. माती लागली असेल तर थंड दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवून घ्या आणि दुखापत झालेला शुद्धीवर, शांत असेल तर दात त्याच खाचेत सरळ बसवून रुमाल चावायला द्या. धीर होत नसेल तर दात दुधाच्या पेल्यात टाकून थेट दातांच्या डॉक्टरकडे निघा. कागदात गुंडाळू नका, पाण्यातही ठेवू नका. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, कारण खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते.