बाराव्या बाइटची मंजुरी

इंट, म्हणजे पूर्णांक, मजकूर म्हणून लिहायला मी कोडमध्ये 12 बाइट जागा ठेवली होती, एका अक्षराला एक बाइट. काल साहेबांनी तो 12 खोडून 11 केला. चार पोरांसमोर. "इंटमध्ये दहा अंक, शेवटचा नल एक. बारावा बाइट कोणाच्या लग्नाला?" उणे चिन्हाला, म्हटलं. तर म्हणे, "आपल्याकडे उणे येतच नाही." ब्राउझर एकटाच कितीतरी जीबी रॅम गिळून बसतो, त्याला कोणी हटकत नाही. काटकसर माझ्याच एका बाइटवर!

आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री-पोहे खाताना मित्राला हेच तावातावाने सांगत होतो. 32 बिटांतला सर्वांत लहान आकडा -2147483648, चिन्ह धरून अकरा अक्षरं, वर नल. आणि आकड्याचा मजकूर करणारं एसप्रिंटएफ हे फंक्शन जागा बघत नाही, बिनदिक्कत पुढच्याच्या हद्दीत लिहून मोकळं होतं.

"भाऊ, हा नल कायले लागते?"

बाकावरचे काका. हिशेबखात्यातून रिटायर्ड, पोह्यांपेक्षा तर्री जास्त. मजकूर कुठे संपला हे सी भाषेला त्यावरूनच कळतं, असं सांगितलं.

"म्हणजे चेकवर आकड्यापुढे 'फक्त' लिहितो, तसं!"

इतकं नेमकं मला कॉलेजात कोणी सांगितलं नाही. तिथे त्याच कामाचं आयटूए फंक्शन पाठ करून घेतलं, जे सीच्या स्टँडर्डमध्ये नाहीच.

"पण उणे कायले लिहिता? आम्ही कंसात टाकत होतो."

"कंसाची अक्षरं दोन, काका. तेरा बाइट होतील."

"मंग तेराची मंजुरी घ्या न!"

मित्राला राहवेना. त्याने जागेची मर्यादा पाळणारं एसएनप्रिंटएफ काढलं: आधी जागेचा पत्ता म्हणून नल पॉइंटर आणि माप शून्य देऊन नुसती लांबी विचारायची, त्यात शेवटच्या नल अक्षरासाठी एक मिळवायचा, मॅलॉकने तेवढीच जागा घ्यायची, काम झालं की फ्रीने परत करायची.

काकांनी चमचा खाली ठेवला. "आधी अंदाजपत्रक, मंग खर्च. बरोबर हाय. अन् जागा परत केल्याची पावती?"

"फ्री काहीच परत देत नाही, काका."

"पावतीच नाही?" त्यांचा चेहरा पडला. "मंग तं साहेब म्हणते थेच करा. अकरा. पण त्यायची सही घेऊन ठेवा."

सही! कमिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीवर, नाव माझंच आहे. तो उणे आकडा येईल तेव्हा साहेब रजेवर असणार, आणि रात्री दोनला फोन मला.