सात दिवसांतला रीफ टँक आणि आठव्या दिवसाचा फोटो

‘सात दिवसांत घरच्या घरी रीफ टँक’, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, असा एक मजकूर हौशी मंडळींत कित्येक वर्षे फिरतो आहे. मला तो आजवर चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी टँक विकत घेऊन झाल्यावर. थोडक्यात तो असा: नवख्याने छोटा टँक घ्यावा, तो सांभाळायला सोपा. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवणारे थेंब टाकावेत आणि स्वयंपाकातले खडेमीठ विरघळवावे. खडक उकळून निर्जंतुक करून घ्यावेत. पाणी आटले की वरून खारे पाणी घालावे. आठवड्याभरात पाणी नितळ झाले की क्लाउनफिश या केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची जोडी आणि तिच्यासाठी एक समुद्रफूल (हे मासे ज्याच्या आडोशाला राहतात तो फुलासारखा दिसणारा प्राणी) सोडावे. शेवटी आठव्या दिवसाचा फोटो.

फोटो खोटा नसणार. आठव्या दिवशी टँक खरोखर तसाच दिसतो. अडचण एवढीच, की पाणी नितळ असणे आणि पाणी जगण्याजोगे असणे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माशांना मारणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया सतत तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू खडकांवर आणि वाळूवर वस्ती करतात, आणि फार सावकाश वाढतात. अन्न नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर यांना तेवढ्यासाठी दिवसाचा मोठा भाग लागतो. म्हणून कोरडे खडक घेऊन सुरुवात केली, तर ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. बाटलीतले जिवाणू घातले तर हा काळ कमी होतो, हे मान्य. पण किती कमी झाला, हे कॅलेंडर सांगणार नाही, पाणी तपासायचे टेस्ट किट सांगेल.

‘गोड्या पाण्यात मी मासे लगेच सोडले होते, काही झाले नाही,’ असे म्हणणारा कुणीतरी भेटतोच. पाण्याचा पीएच 7 च्या आसपास असेल तर अमोनियाचा बहुतेक भाग अमोनियम या कमी घातक रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.2. तिथे विषारी रूपाचे प्रमाण दहापटीहून जास्त होते. म्हणजे टेस्ट किटच्या नळीतला रंग तोच, पण माशाच्या वाट्याला येणारे विष वेगळे.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणायला आवडले असते. माझ्या पहिल्या टँकमध्ये नवव्या दिवशी क्लाउनफिश पृष्ठभागाजवळ तिरका तरंगत होता आणि त्याचे कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. पाणी काचेसारखे स्वच्छ. मी तोपर्यंत न उघडलेले टेस्ट किट उघडले. नळीत थेंब टाकले, पिवळा रंग बघता बघता हिरवा झाला. संध्याकाळपर्यंत मासा गेला.

याला उपाय साधा आहे. मासा न सोडता अमोनियाच सोडायचा: 2 पीपीएमपर्यंत (लिटरला 2 मिलिग्रॅम) न्यायचा आणि वाट पाहायची. तेवढा अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसले, की टँक माशासाठी तयार. त्यानंतर काचेवर तपकिरी थर येईल, मग हिरवे शेवाळ. फोटोत ते दिवस कधीच नसतात. घाबरून सगळा टँक धुऊन काढू नका, नाहीतर पुन्हा पहिल्या दिवशी.

मिठाचा मुद्दा लगेच संपतो. समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे 85 टक्के सोडियम क्लोराइड असते. खडेमिठातून जवळजवळ तेवढेच मिळते. प्रवाळाला सांगाडा बांधायला लागते ते उरलेल्या हिश्शातले: कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट. रीफसाठी तयार मिळणारे मीठच घ्या.

नळाच्या पाण्याचे तसे नाही, कारण तो सल्ला अर्धा खरा आहे. थेंबांनी क्लोरीन जाते. फॉस्फेट, सिलिकेट आणि नळातून उतरणारे तांबे मात्र राहते. फॉस्फेटवर शेवाळ पोसते. तांबे माशांना औषधाच्या प्रमाणात सोसते, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना मारायला फार थोडेही पुरते. म्हणून आरओच्या पुढे डीआयचा (उरलेले क्षारही काढून घेणारा) टप्पा असलेले, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य दाखवणारे पाणी. पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी खनिजे परत मिसळत असतील, तर ते पाणी इथे चालत नाही.

आता आटणाऱ्या पाण्याचे. मला विचाराल तर मजकुरातली सगळ्यात फसवी ओळ हीच, कारण ती ऐकायला रास्त वाटते: खारे पाणी कमी झाले, खारे पाणी घाला. पण वाफ होऊन जाते ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहते. 40 लिटरचा टँक धरा, लिटरला 35 ग्रॅम क्षार, म्हणजे एकूण 1400 ग्रॅम. आठवड्याला दोन लिटर आटते आणि तुम्ही तेवढेच खारे पाणी घालता. पाच आठवड्यांत 350 ग्रॅम मीठ जास्तीचे गेले आणि क्षारता 35 वरून जवळजवळ 44 वर चढली. पाणी अजूनही नितळ. प्रवाळ मात्र मिटलेले, आणि तुम्ही दिवे बदलण्याचा विचार करताय. आटलेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने करायची. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून जाणारा प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजा, आणि तो 35 च्या प्रमाण द्रावणावर जुळवून घ्या.

छोटा टँक सोपा, या दाव्याचे उत्तरही याच हिशेबात आहे. 40 लिटरमधून दोन लिटर गेले की क्षारता 35 वरून 36.8 होते, एक आठवडा विसरलात की दिसते. हीटर अडकला तर थोडे पाणी लवकर तापते, एक गोगलगाय मेली तर अमोनिया लवकर चढतो. छोटा टँक जागेला सोपा आहे, एवढेच. जमत असेल तर शंभर-दीडशे लिटरपासून सुरुवात करा. तेवढे पाणी तुमच्या चुकांना थोडी उसंत देते.

इथवरच्या चुकांनी मासे मरतात. खडक उकळण्याच्या सल्ल्याने माणूस मरू शकतो. पॅलिथोआ नावाचे बटणासारखे दिसणारे प्रवाळवर्गी प्राणी जिवंत खडकावर, म्हणजे समुद्रातून जिवाणूंसकट आलेल्या खडकावर, चिकटून येतात, कधी विकत घेतलेले, कधी नकळत. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असते. निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत तीव्र विषांपैकी ते एक आहे. 1971 मध्ये हवाई बेटांवरच्या संशोधकांनी ते वेगळे केले. तिथल्या हाना भागातले लोक ज्याला मारक शेवाळ म्हणत आणि भाले विषारी करायला वापरत, त्याचा शोध घेताना ते हाती लागले. उकळल्याने हे विष निकामी होत नाही, उलट वाफेबरोबर तुषारांतून ते घरभर पसरते. अमेरिकेत एका हौशी माणसाने हे प्राणी मारायला खडकावर उकळते पाणी ओतले आणि श्वासाच्या त्रासाने त्याला रुग्णालयात न्यावे लागले. असा खडक उकळू नका, कोरडा घासूही नका. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. आणि मुळात ज्या जिवाणूंसाठी जिवंत खडक घेतला, ते उकळून मारायचे, यात काय शहाणपण?

उरली जोडी आणि समुद्रफूल. समुद्रफुलाला भरपूर उजेड आणि स्थिर पाणी लागते, म्हणून टँक निदान सहा महिन्यांचा होऊ द्यावा. शिवाय ते एका जागी बसत नाही. जागा पटली नाही की चालायला लागते, आणि चालता चालता पंपाच्या तोंडात गेले, तर सकाळी टँकभर त्याच्या चिंध्या आणि सगळ्यांच्या जिवाला धोका. क्लाउनफिशला टँकमध्ये त्याची गरजच नसते. समुद्रात शत्रूंपासून आडोसा म्हणून ते हवे, इथे शत्रू कुठे आहेत?

माशाची निवड मात्र त्या मजकुराने बरोबर केली आहे, हे कबूल करायला हवे. टँकमध्येच पैदास झालेला क्लाउनफिश नवख्यासाठी उत्तम. दोन लहान पिल्ले एकत्र सोडली तर मोठे होते ते मादी, दुसरे नर. नीट राखले तर ही जात वीस वर्षांहून जास्त जगते. माझ्याकडच्या जोडीने समुद्रफुलाऐवजी हीटरचा कोपरा धरला आहे. दिवे गेले की मादी त्याला टेकून आडवी होते, आणि काच पुसायला हात आत घातला की चावते.