बंदुकीचं माहेरपण

आमच्या गावच्या घरी, रत्नागिरी जिल्ह्यात, एक बाराबोर दुनळी आहे. आधी आजोबांच्या नावावर, आता बाबांच्या, शेतीसंरक्षणाचा परवाना. शेवटचा बार कधी काढला ते बाबांनाही नीट आठवत नाही, पण त्या आवाजाने गोठ्यातल्या गाईने दोन दिवस दूध चोरलं हे आईला पक्कं आठवतं. म्हणजे बंदूक आपलं काहीच करत नाही, आपणच तिचं करायचं.

२०२४ ला १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. वानरांना आचारसंहिता नव्हती, त्यांनी शहाळी, केळी, फणस सगळीकडे जोरदार प्रचार केला. जूनमध्ये बंदूक परत आली ती नेमकी पावसाबरोबर. बाबांनी नळीवरून बोट फिरवलं, बोट तांबूस झालं आणि सासरहून आलेल्या लेकीचे हात बघून बापाचा होतो तसा चेहरा करून म्हणाले, "वाळली रे पार." लोखंड वाळत नाही, ओल धरतं, हे बोलायची ती वेळ नव्हती. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून मला पुण्याहून बोलावून घेतलं, बंदूक पुसायला गुडघे कुठे लागतात हेही मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी पडवीत सतरंजी. कॉलेजात एनसीसीला असल्याने मी जरा भावातच बसलो आणि तिथेच पहिली चूक झाली, आधी दस्ता पुसायला घेतला.

"मोड आधी!"

खटका सरकवून मोडली, म्हणजे बिजागरीवर मधून वाकवून उघडली. काडतुसांची दोन्ही घरं रिकामी. "बघितलंस?" बघितलं. "परत बघ." परत बघितलं. "बोट घाल." बाबा, गेले तीन महिने ती पोलिसांकडे होती! "म्हणूनच घाल." घातलं. मग काडतुसांचा डबा आतल्या कपाटात कुलपात आहे ना ते बघायला मला पाठवलं, किल्ली स्वतःच्या जानव्याला असताना.

पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या आणि जरा ऐसपैस बसलो तर परत आवाज, "तोंड कुठाय?"

"कोणाचं?"

"नळीचं! आत आई आहे."

"बाबा, सुटी केलीय, हा आता नुसता पाईप आहे."

"पाईप असला तरी भिंतीकडे."

आतून आई म्हणाली, "माझं सोडा, माझ्या फोडणीकडे नको." भिंतीकडे फिरवला पाईप.

मग सळईला पितळी ब्रश लावून, मागून घालून पुढे काढायचा. उलट केलं तर सगळी घाण मागे काडतुसाच्या घरात येऊन बसते. सॉल्व्हंटचा वास असा की मांजर उठून गेलं, बाबांनी देवघरातला दिवाही शांत करायला लावला, आई म्हणाली, देवालाच बाहेर आणून बसवा मग. ब्रशनंतर चिंधी. पहिली काळी आली, दुसरी चहाच्या रंगाची, तिसरी चौथी राखाडी, सातवीला मला वाटलं झालं, बाबांना नाही वाटलं. अकराव्या चिंधीवर बारीक निळी पट्टी दिसली तेव्हा कळलं की मी काल पुण्याहून आणलेला नवा कोरा बनियन फाडला जातोय. नळीचं तोंड साडेअठरा मिलीमीटरच्या आसपास, त्याला केवढी चिंधी लागते? पण हात बाबांचा, बनियन माझा. वर बारा बोर का म्हणतात तेही ऐकलं (एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या की त्यातली एक बसते तेवढं तोंड), दरवर्षी ऐकतो.

"आता उजेडाकडे बघ." सुट्या नळ्या मागच्या बाजूने डोळ्याला लावल्या. आत चकचकीत कड्यांमागे कडी आणि अगदी टोकाला, छोट्या नाण्याएवढ्या उजेडात, माडावर बसलेला एक काळतोंड्या वानर शहाळं सोलत माझ्याकडेच बघत होता. मी बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले, "डावीकडे डाग राहिलाय."

शेवटी तेल. आईने खोबरेल सुचवलं, बाबांनी तिच्याकडे नुसतं बघितलं कारण ते चिकट होतं, थंडीत थिजतं. शिवणयंत्राची बाटली निघाली. मी जरा सढळ हाताने ओतलं तर, "भजी तळायच्यात का? लाकडात मुरलं की दस्ता नरम पडतो." म्हणून पुसलं, इतकं की तेल लावलं का नाही अशी शंका यावी. वर शेवटचा हात कोरड्या फडक्यानेच, बोटाचा घाम लागला तरी चार दिवसांत तिथे गंज उमटतो. आणि कातडी पिशवीत ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. सगळं करून दुपारचे अडीच वाजले, आमटी दोनदा गरम झाली.

१५ ऑक्टोबरला विधानसभा जाहीर झाली. संध्याकाळी बाबांचा फोन, बंदूक परत जमा करायची आहे.

"मग करा की जमा."

"अशीच? ठाण्यातली माणसं काय म्हणतील? शनिवारी ये, पुसून देऊ. आणि येताना एक बनियन जास्त आण."