घरी मोजलेला रक्तदाब आणि फार्मासिस्टची मदत: एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘घरच्या यंत्राचे आकडे खोटे असतात, वारंवार मोजल्याने भीतीच वाढते आणि मेडिकलवाल्याचे काम गोळ्या देण्याचे आहे, बीपीत लक्ष घालण्याचे नव्हे,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सर्रास पुढे पाठवला जातो. त्यावर विसंबून कुणी यंत्र कपाटात ठेवून देत असेल, तर त्यात त्याचे खरोखर नुकसान आहे.

पहिला मुद्दा यंत्राचा. दंडावर बांधायचे, तपासून प्रमाणित केलेले यंत्र नीट वापरले, तर त्याच्या नोंदी डॉक्टर उपचारासाठी ग्राह्य धरतात. दवाखान्यातील 140/90 या मर्यादेच्या जागी घरी 135/85 ही मर्यादा मानतात, कारण दवाखान्यातील धास्तीने अनेकांचा रक्तदाब चढतो. याउलट काहींचा तिथे ठीक दिसतो आणि घरी वाढलेला असतो, आणि ही माणसे घरी मोजल्याशिवाय लक्षातच येत नाहीत. आकडे चुकतात ते बहुधा मोजण्याच्या पद्धतीमुळे. पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधणे, जाड दंडाला लहान पट्टा लावणे, हात छातीच्या पातळीवर न टेकवता खाली लोंबता ठेवणे, मोजताना बोलत राहणे, यांतल्या कशानेही आकडा फुगू शकतो. मनगटावरची यंत्रे तितकी भरवशाची नसतात, हे मात्र खरे आहे.

भीतीबद्दल थोडक्यात सांगता येईल. ती एकट्या आकड्याची असते. पाच मिनिटे शांत बसून, सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजावे आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. एखाद्या चढ्या नोंदीने निष्कर्ष काढू नये. अपवाद एकच: आकडा 180/120च्या वर असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा हातापायातले बळ गेले असेल, तर सरासरीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

फार्मासिस्टचा या कामाशी संबंध नाही, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 778 रुग्णांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी 31 टक्के लोकांचा रक्तदाब आटोक्यात आला. घरचे यंत्र आणि संकेतस्थळाचे प्रशिक्षण मिळालेल्यांत हे प्रमाण 36 टक्के होते, आणि त्याला फार्मासिस्टच्या नियमित ऑनलाइन मार्गदर्शनाची जोड मिळाली तेव्हा ते 56 टक्क्यांवर गेले. नुसत्या यंत्राने फारसे साधत नाही. नोंदी पाहून पुढचे पाऊल सुचवणारे माणूस लागते, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. मिनेसोटातील 450 रुग्णांच्या 2013च्या अभ्यासातही सहा महिन्यांनी हे प्रमाण फार्मासिस्टची मदत मिळालेल्यांत सुमारे 72, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 45 टक्के होते, मात्र ही मदत थांबल्यानंतरच्या काही वर्षांत तो फरक ओसरला.

‘ते अमेरिकेत’ हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. तिथल्या फार्मासिस्टना डॉक्टरांशी ठरलेल्या चौकटीत औषध बदलता येत होते. आपल्याकडे तो अधिकार डॉक्टरांचाच आहे आणि तो तसाच राहावा. परंतु रुग्णाचे समुपदेशन 2015च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनुसार फार्मासिस्टच्या कामातच येते. नोंदणीकृत फार्मासिस्ट काउंटरवर हजरच नसेल तर ते मिळणार नाही, ही तक्रार रास्त आहे, पण ती दुकानाच्या कारभाराविरुद्ध आहे. तो जागेवर असेल तर डॉक्टरांना न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसतात. तीस दिवसांच्या गोळ्या नेणारे काका दीड महिन्याने परत येतात, म्हणजे मधल्या गोळ्या चुकल्या आहेत. गुडघ्यासाठी त्याच काउंटरवरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन वरचेवर नेले जाते, आणि या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढू शकतो. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने पायांवर सूज आली म्हणून एखाद्या मावशी गोळी परस्पर बंद करतात आणि डॉक्टरांना सांगायला संकोचतात. घरच्या नोंदींच्या वहीत यांतली प्रत्येक गोष्ट फार्मासिस्टने दोन ओळींत लिहून दिली, तर पुढच्या भेटीत डोस वाढवायचा की आधी वेदनाशामक थांबवायचे, हे डॉक्टरांना ठरवता येते.